चित्रं, शाळा आणि पंचगंगा: तिन्ही एकत्र जमतं का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: जी.डी. आर्ट (चित्रकलेची पदविका) झालंय, घरचे म्हणतात ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) कर आणि कुठल्यातरी शाळेत चिकट, स्वतःला पेंटिंगच करायचंय, आणि कॉलेजपासून कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या आणि पंचगंगा नदीच्या स्वच्छतेला जायची सवय लागलीय ती पण सुटत नाही, तर चित्रकला, शिकवणं आणि पर्यावरणाचं काम ह्या तिन्हीचा मिळून एक रस्ता होतो का, का एक धरून बाकीची दोन सोडायची, आणि पोटापाण्याचं काय.

रस्ता होतो. मी कोल्हापुरातच शिकले, नोकरीची सगळी वर्षं शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, आता घरी क्लास घेते आणि नदीकाठाची चित्रं करते, म्हणून खात्रीनं सांगतेय. तुला अरेतुरे करते, माझे जुने विद्यार्थी तुझ्याच वयाचे आहेत. पण सोमवार ते शुक्रवार शाळा, शनिवारी पेंटिंग, रविवारी नदी अशी वाटणी केलीस तर काही वर्षांत दमशील आणि सगळ्यात आधी सुटेल ते पेंटिंग, कारण त्याची कोण वाट बघत नसतं. चांगल्या हाताची पोरं अशी सुटलेली बघितलीत मी. तिन्हीला मिळून एकच विषय पाहिजे आणि "पर्यावरण" हा विषय फार मोठा आणि फार धूसर आहे, त्यात कुठं बसायचं तेच कळत नाही. तुला एक जागा पाहिजे.

जयंती नाला पंचगंगेला मिळतो ती जागा घे, रंकाळ्याचा संध्यामठाकडचा काठ घे, कळंबा तलाव घे, नाहीतर गावाकडचा ओढा घे, फक्त जाता-येता डोळ्यासमोर येणारी असू दे. दर महिन्याला त्याच ठिकाणी बसून त्याच मापाच्या कागदावर चित्र करायचं आणि मागं पेन्सिलीनं लिहायचं, तारीख, वेळ, पाणी कुठल्या पायरीपर्यंत, वास होता का, फेस होता का, केंदाळ (जलपर्णी) किती पसरलंय, कुठले पक्षी दिसले. टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, खंड्या, हे नावानिशी लिहायचं, "पक्षी दिसले" असं नाही. वर्षाअखेर बारा कागद भिंतीवर लावलेस की तुझ्याकडं चित्रमालिका पण असते आणि नोंद पण असते, आणि वर्गात शिकवायला ह्यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही. फोटो काढले की झालं की असं लोक म्हणतात. फोटो काढच, पण दोन तास एका जागी बसून पाण्याचा रंग मिसळताना जे लक्षात येतं, म्हणजे नाल्याचं पाणी नदीत आल्यावर लगेच मिसळत नाही, काठाकाठानं वेगळा पट्टा धरून लांबपर्यंत जातं, ते क्लिक करून निघालेल्या माणसाला दिसत नाही.

आणि हे कोल्हापूरला नवीन नाही. आबालाल रहिमान मुंबईला जे.जे.मध्ये शिकून परत इथं आले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले आणि रंकाळा, कोटितीर्थ ह्याच परिसराची निसर्गचित्रं करत राहिले, १९३१ ला गेले. त्यांची चित्रं बघताना आपण रंग, उजेड, ब्रशचा हात ह्याबद्दल बोलतो आणि बोलायलाच पाहिजे, पण मी मुलांना दुसरं पण विचारायला लावते, की ह्यात काठ कसा आहे, झाडं कुठली, माणूस पाण्याजवळ काय करतोय, आणि आज तिथं जाऊन बसलं तर काय दिसतं. आपल्या पोरांना आउटडोअर लँडस्केपची जी शिस्त मिळते, सकाळी बोर्ड घेऊन घाटावर नाहीतर पन्हाळ्याला जायची, तीच आपली मोठी ताकद आहे. फक्त नदीतलं प्लॅस्टिक, ड्रेनेजचा पाइप आणि फेस चित्रातनं गाळून टाकायची जी सवय लागते ती मोड. समोर दिसतंय ते रंगव.

आता शाळेचं. पर्यावरण दिन आला की चित्रकला स्पर्धा लागते आणि निम्म्या कागदांवर रडणारी पृथ्वी, तिला थर्मामीटर, एका बाजूला हिरवं झाड, दुसऱ्या बाजूला वाळलेलं, खाली "झाडे लावा झाडे जगवा". मुलांचा दोष नाही, त्यांना तेच शिकवलंय. पण पोरगं ज्या नाल्यावरनं रोज सायकल मारत शाळेत येतं तो नाला त्याच्या चित्रात कधीच येत नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं. तू शिकवायला लागशील तेव्हा घोषणा बंद कर आणि बघायला लाव.

उदाहरण सांगते. स्वित्झर्लंडच्या फोरेल नावाच्या शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास सरोवराच्या पाण्याचा रंग ओळखायला रंगीत नळ्यांची एक पट्टी केली, पुढं उले ह्यांनी त्यात भर घातली आणि आज फोरेल-उले म्हणून जी पट्टी वापरतात तिच्यात निळ्यापासून हिरव्या, पिवळसर आणि शेवटी तपकिरीपर्यंत २१ रंग आहेत. म्हणजे रंग ओळखणं हे मोजमाप आहे, आणि ते करायला चित्रकाराइतका तयार डोळा कुणाचा असतो? सातवी-आठवीच्या मुलांना रंकाळ्यासाठी स्वतःची पट्टी करायला सांग, पोस्टर कलरमधनं, प्रत्येक चौकोनाखाली कुठला रंग किती थेंब घातला ते लिहून. जोडीला पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, ही पण शास्त्रज्ञांचीच पद्धत आहे, सेक्की डिस्क म्हणतात. पावसाळ्याआधी, पावसात, दिवाळीनंतर अशी पट्टी लावून बघितली की पोरं स्वतःच विचारायला लागतात, हिरवं का झालं, सांडपाण्यातनं काय येतं, शेवाळ कशावर वाढतं. तिथनं विज्ञानाच्या सरांना वर्गात बोलवायचं. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नदीच्या पाण्याचे आकडे उघड असतात, आंघोळीलायक पाण्यात बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असा निकष आहे, तो आकडा आणि मुलांनी मिसळलेला रंग एकाच कागदावर आला की पालकसभेत सगळे थांबून बघतात. हां, पण मुलांना नाल्याच्या तोंडाशी पाण्यात हात घालू द्यायचा नाही, पालकांची लेखी परवानगी घ्यायची, आणि जुलै-ऑगस्टला नदीकाठी न्यायचंच नाही. इथं ढिलाई नको.

दुसरा प्रकल्प जो मला सगळ्यात जवळचा आहे तो पुराच्या रेषेचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आकडे कोल्हापूरच्या लहान पोराला पण पाठ असतात, २०१९ ला पाणी ५५ फुटाच्या पुढं गेलं, २०२१ ला परत तेच. पण ५५ फूट म्हणजे माझ्या आजीच्या घरात कुठपर्यंत, हे आकड्यातनं कळत नाही. मुलांनी पूर आलेल्या गल्लीत जायचं, घरातल्या माणसांना विचारायचं की पाणी कुठवर होतं, ते कोनाड्यावर, स्विचबोर्डवर, देवळीच्या खाली बोट ठेवून दाखवतात, टेपनं मोजायचं आणि त्या घराचं समोरनं दिसणारं चित्र काढून त्यात ती रेषा मारायची. २००५ ची, २०१९ ची, २०२१ ची, वेगवेगळ्या रंगात. पूर्ण गल्लीची चित्रं सलग चिकटवली की रेषा एका पातळीत सरळ जाते आणि घरं मात्र कुणाची उंच, कुणाची सखल, कोण वाचलं कोण बुडालं सगळं उघडं पडतं. ह्यात पर्स्पेक्टिव्ह आहे, प्रमाण आहे, मुलाखत आहे, भूगोल आहे, आणि गल्लीतली म्हातारी माणसं ज्या जिव्हाळ्यानं बोलतात ते मुलं जन्मभर विसरत नाहीत. नदीपात्रात भराव टाकून बांधकाम का नको हे वेगळं सांगावं लागत नाही मग.

रंगाबद्दल पण बोलायला हवं कारण तू नदीसाठी चित्रं करणार आणि ब्रश धुतलेलं पाणी बेसिनमधनं त्याच नदीला सोडणार हे बरोबर नाही. ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच, पाण्यात पातळ होतं एवढंच. ब्रश आधी फडक्याला पूर्ण पुसायचा, मग एका डब्यात धुवायचा, ते पाणी एक-दोन दिवस न हलवता ठेवायचं, वरचं निवळ टाकायचं आणि खालचा गाळ कागदावर वाळवून कचऱ्यात. टर्पेंटाइनचं पण तसंच, निवळवून परत वापरता येतं. क्रोम यलोत शिसं असतं, कॅडमियमचे रंग विषारी, ते लहान मुलांच्या हातात द्यायचेच नाहीत. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको असा नियम २०१६ चा आहे, त्यामुळं शाळेची भिंत रंगवताना डबा वाचून घे.

आणि शक्य असेल तिथं मातीचे रंग कर. आपल्या जिल्ह्याला मातीची केवढी श्रीमंती आहे, पन्हाळ्याकडचा लाल जांभा, शिरोळकडची काळी, मधल्या भागातले तांबूस-पिवळे मुरूम. मुरूम कुटायचा, पाण्यात ढवळायचा, जड वाळू लगेच खाली बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, असं दोन-तीनदा, मग रात्रभर ठेवलं की तळाला लोण्यासारखा मऊ गाळ राहतो. तो वाळवून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात काचेवर घोटायचा, थोडा मध घातला की तडकत नाही. काळ्यासाठी काजळी. हळद, बीट असले रंग उन्हात उडतात, नोंदीच्या चित्राला ते नकोत. प्रत्येक मुलानं आपापल्या गावची माती आणायची आणि त्या त्या तालुक्यात तोच रंग भरून जिल्ह्याचा नकाशा करायचा, हे एकदा करून बघच, लय भारी होतो.

गणपतीचा विषय तुला टाळता येणार नाही, आणि टाळू पण नको. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीच्या मूर्तींवर बंदी सांगितली, त्यावर कोर्टात बरंच झालं, आपल्याकडं मूर्तीदान आणि नदीऐवजी इराणी खण ह्या जुन्या खाणीतलं विसर्जन लोकांनी बऱ्यापैकी स्वीकारलंय. पण चित्रकार पोरं कुंभारगल्लीत जाऊन उपदेश करतात ते मला आवडत नाही. पीओपी हलकं, स्वस्त, साच्यातनं पटकन निघतं, लगेच वाळतं. शाडूची मूर्ती ऐन पावसाळ्यात वाळवायची म्हणजे जागा पाहिजे, वेळ पाहिजे, वाहतुकीत मोडली तर नुकसान कुंभाराचं. शाडू पण आपल्याकडची नाही, बहुतेक गुजरातेतनं येते, आणि टनानं पाण्यात गेली तर गाळच होतो. तेव्हा मदत करायची तर चार-पाच घरं किंवा एखादं मंडळ गोळा करून होळीच्या आसपासच ऑर्डर आणि ॲडव्हान्स दे, रंगवायला स्वतः जाऊन बस, गेरू-पिवडी वापर, आणि विसर्जन बादलीत करून शाडू परत कुंभाराला आणून दे. ती माती परत चालते. असं केलंस की कुंभार तुला आपला माणूस समजतो आणि मूर्ती घडवताना त्याच्याकडनं जे शिकायला मिळतं ते कॉलेजात मिळत नाही.

चळवळीत चित्रकारानं नेमकं काय करायचं, हे तू विचारलंयस. मोर्चाचे बॅनर रंगवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड आणि गरजेचं काम म्हणजे गुंतागुंतीची गोष्ट गावाला कळेल अशी काढून दाखवणं. आपल्या पश्चिमेच्या पठारांचं बघ. वर जांभ्याचा थर, तो पावसाचं पाणी पितो आणि धरून ठेवतो, पायथ्याला झरे फुटतात, त्यावर वाड्या जगतात. आणि बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, सापडतं ते त्याच थरात, म्हणजे खाण आली की झऱ्यांवर घाला. हे शंभर पानांच्या अहवालात शोधून सापडत नाही पण एका उभ्या छेदाच्या चित्रात पाचवीच्या पोराला कळतं. ज्या प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणी लागते त्यांची किमान ३० दिवस आधी जाहीर नोटीस निघते, प्रकल्पाचा मराठी सारांश लोकांना बघायला ठेवावा लागतो, आणि कुणालाही तिथं बोलता येतं, लेखी देता येतं. तो सारांश घेऊन गावात बैस, लोकांना त्यांचे झरे, गायरान, देवराई कागदावर दाखवायला सांग, नकाशा कर, आणि लेखी निवेदनाला जोडून दे. फक्त तुझ्या नकाशात एक पण झरा बनावट नको. पठारावर स्वतः चालून बघ, जमलं तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या लोकांबरोबर जा, त्यांच्या बागेत कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती जपल्यात त्या बसून रेखाट. वनस्पतीचं शास्त्रीय चित्र करायला लागलास की पाकळ्या मोजाव्या लागतात, प्रमाणपट्टी द्यावी लागते, हाताला एक वेगळाच खरेपणा येतो.

नदीच्या बाबतीत पण एकच खलनायक काढू नको. नाल्यातनं येणारं सांडपाणी आपल्याच घराचं आहे, कारखाने आहेत, प्रोसेसिंग युनिट आहेत, शेतातली खतं आहेत, आणि त्या प्रत्येकावर कुणाचं तरी पोट आहे, तुझ्या वर्गातल्या मुलांच्या वडलांचं सुद्धा. चंद्रपूरचे प्रभाकर पाचपुते कोळशाच्या खाणीच्या गावातनं आले आणि कोळशानंच खाणकामगारांची चित्रं काढतात, त्यात खाणीचा राग आहे तसा कामगाराबद्दल जीव पण आहे. ती चित्रं मिळतील तिथं बघ. आणि तीन कामं एका माणसात कशी राहतात बघायचं तर देवी प्रसाद, शांतिनिकेतनला शिकले, १९४४ ला सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले, तिथल्या नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शाळेतल्या मुलांना चित्रकला आणि मातीकाम शिकवलं, आणि पुढं लंडनला जाऊन युद्धविरोधी चळवळीचं काम केलं, मडकी घडवणं शेवटपर्यंत सोडलं नाही.

पैशाचं स्पष्ट सांगते. ए.टी.डी. कर. घरचे म्हणतात म्हणून करू नको, शाळेत लागायला शिकवण्याची पदविका लागते म्हणून कर. कलाशिक्षकाच्या जागा कमी निघतात हे खरं आहे. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभरच्या वर मुलं असलेल्या शाळेला कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितलाय, पण अंशकालीनच्या मानधनात घर चालत नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नको. एलिमेंटरी-इंटरमिजिएट ह्या सरकारी चित्रकला परीक्षांचे क्लास चालतात, कारण इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत ७, बीला ५, सीला ३ मार्क वाढून मिळतात, पालक त्यासाठी पाठवतात. पाठवू देत. वस्तुचित्र शिकवताना तू नदीकाठचं शेवाळलेलं मडकं ठेवू शकतोस, नक्षीत केंदाळाचं पान घेऊ शकतोस, परीक्षा पण होते आणि तुझा विषय पण होतो. स्वच्छ सर्वेक्षणात भिंती रंगवायची कामं निघतात, ती घे, मात्र मोर आणि पृथ्वीचा गोळा सोडून पंचगंगेतले मासे काढ, मरळ, वाम, खडस, नावासकट. बघणारा म्हातारा थांबतो आणि सांगतो की हा आम्ही धरायचो. पोर्ट्रेटच्या ऑर्डरी मिळाल्या तर जरूर कर, हात चालू राहतो. अनुदानित शाळेत नोकरी लागली तर सेवाशर्ती नीट वाचून घे, जाहीर बोलण्यावर बंधनं असतात, आणि आंदोलनात मुलांना कधीच नेऊ नको, तो त्यांचा निर्णय मोठं झाल्यावर.

शेवटचं तू विचारलंयस की मुंबईला जावं का, इथं कोण बघतं आपली चित्रं. गॅलऱ्या तिकडं आहेत, काम जमलं की दाखवायला जरूर जा. पण पहिलं प्रदर्शन इथंच कर, शाहू स्मारकच्या कलादालनात, तारखा बऱ्याच आधी धराव्या लागतात म्हणून आत्ताच चौकशी कर. फ्रेमवर पैसे घालू नको, माउंटबोर्ड पुरतो. ज्या गल्लीची, ज्या काठाची चित्रं आहेत तिथल्या लोकांना घरी जाऊन आमंत्रण दे, मुलांचे कागद तुझ्या चित्रांच्या शेजारीच लाव, आणि एका टेबलावर कोरी वही ठेव म्हणजे ज्याला जुना काठ आठवतोय तो लिहून जाईल. त्यातनं पुढच्या वर्षाचं काम निघतं.